सत्यान्वेषी आणि त्याचे पडद्यावरील अवतार

इ. स. २०२० च्या चैत्रांत सारा देश घरांत कोंडला गेला असतां दूरदर्शननें आपले जुने पेटारे उघडले, आणि रामायण-महाभारताबरोबर 'ब्योमकेश बक्षी' ही हिंदी मालिकाही पुन्हां दाखविण्यास आरंभ केला. त्या दिवसांत आमच्या कर्जतच्या स्थानकावरचा, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनें जोडण्याचा नित्याचा गलबला मंदावला होता. त्यामुळें घरांतील दूरचित्रवाणीचा लहानसा आवाजही स्पष्ट ऐकूं येई. सत्तावीस वर्षांपूर्वीं, प्राध्यापकीच्या अगदीं आरंभीं, जी मालिका मीं मोठ्या आवडीनें पाहिली होती, तीच आतां महाविद्यालयांत शिकणाऱ्या माझ्या मुलीला शेजारीं बसवून मी पाहूं लागलों. बी. बी. सी. ची 'शेरलॉक' ही मालिका तिनें अथपासून इतिपर्यंत पाहिलेली. ब्योमकेशाचे दोन भाग झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, हा गुप्तहेर कसला? हा तर नुसता ऐकत बसतो!"

मुलीनें हा दोष म्हणून सांगितला; पण विचार करतां मला असें वाटूं लागलें कीं, या मालिकेचा मुख्य गुणच तिनें एका वाक्यांत सांगून टाकला आहे. एखाद्या अभिजात गुप्तहेराला निरनिराळ्या काळीं पडद्यावर आणतांना त्याच्यांतील काय राखलें जातें, काय टाकलें जातें, आणि जें टाकलें जातें त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ब्योमकेशाचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) हे बंगाली लेखक. तथापि महाराष्ट्राला ते परके नव्हेत. बाँबे टॉकीजसाठीं पटकथा लिहिण्यास ते १९३८ सालीं मुंबईस आले. १९५२ सालीं चित्रपटांचा व्यवसाय सोडून ते पुण्यास स्थायिक झाले आणि पुढील बहुतेक आयुष्य त्यांनीं तेथेंच काढलें. मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य आगगाडीनें गेला तर कर्जतवरून आणि मोटारीनें गेला तर खालापूर-खोपोलीवरून जातो. तेव्हां आमच्या या दोन तालुक्यांचे डोंगर त्यांच्या नजरेखालून अनेकदां गेले असले पाहिजेत. शिवकालांतील सदाशिव नांवाच्या मराठी मुलाच्या गोष्टी त्यांनीं बंगाली मुलांसाठीं लिहिल्या, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. ब्योमकेशाची पहिली कथा १९३२ सालची. मध्यंतरीं कित्येक वर्षें तो गप्प होता. तो पुन्हां बोलूं लागला तो लेखकाचें वास्तव्य महाराष्ट्रांत असतांनाच. आणि 'शैलरहस्य' या कथेंत तर तो महाबळेश्वरच्या एका हॉटेलांत उतरून तेथून आपल्या अजित या मित्राला पत्रें लिहितो.

शेरलॉक होम्सचें ऋण ब्योमकेशावर आहे, हें उघडच आहे. चतुर नायक, त्याच्या हकीकती लिहून ठेवणारा भाबडा मित्र, दार ठोठावून आंत येणारा संकटग्रस्त मनुष्य, ही सारी मांडणी कॉनन डॉईलचीच. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय व छोटू या जोडीनेंही तिचाच लाभ घेतला आहे. परंतु शरदिंदूंनीं दोन गोष्टी आपल्या पदरच्या घातल्या. पहिली ही कीं, ब्योमकेशाला 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आवडत नाहीं. तो स्वतःला 'सत्यान्वेषी', म्हणजे सत्याचा शोध घेणारा, म्हणवितो. दुसरी ही कीं, होम्स जन्मभर ब्रह्मचारी राहिला, तर ब्योमकेश 'अर्थमनर्थम्' या कथेंत एका खुनाचा तपास करतांना त्या घरांतील सत्यवतीच्या प्रेमांत पडतो, पुढें तिच्याशीं लग्न करतो आणि यथावकाश बापही होतो. 'चित्रचोर' या कथेच्या आरंभीं तर तो आजारांतून उठलेला, पथ्यपाण्यावर कुरकुरणारा आणि बायकोच्या धाकांत असलेला दिसतो. म्हणजे हा बुद्धिमान् पुरुष संसाराच्या बाहेर उभा नाहीं. तो आपल्यासारखाच बाजारहाट, दुखणें आणि रुसवेफुगवे यांत बुडालेला आहे, आणि माणसांच्या मनांतील काळेंबेरें तो ओळखतो तें याच अनुभवाच्या बळावर.

बासू चटर्जी यांनीं १९९३ व १९९७ अशा दोन खेपांस ही मालिका दूरदर्शनसाठीं केली. 'रजनीगंधा' आणि 'छोटीसी बात' या चित्रपटांचे हे दिग्दर्शक मध्यमवर्गीयांच्या बैठकीच्या खोलीचे जाणकार होते, आणि ब्योमकेशालाही त्यांनीं त्याच खोलींत बसविलें. रजित कपूर यांचा ब्योमकेश धोतर नेसतो, चहा पितो, सिगारेट ओढतो, आणि मुख्य म्हणजे समोरच्याचें बोलणें पुरें होऊं देतो. ऐकतांना त्याचे डोळे किंचित् बारीक होतात. एवढाच काय तो त्याचा अभिनय, आणि तेवढा पुरतो. के. के. रैना यांचा अजित चुकीचीं अनुमानें काढतो. पण ब्योमकेश त्याची चेष्टा करतो ती मित्रानें मित्राची करावी तशी. मालिकेंत उणीवा पुष्कळ आहेत. खोल्या रंगमंचावरच्या पडद्यांप्रमाणें सपाट वाटतात, प्रकाश सर्वत्र एकसारखा पडलेला असतो, आणि तेवीस-चोवीस मिनिटांत उकल करावयाची म्हणून कांहीं कथांचे शेवट धांवत येतात. तरीही पाहणाराला आपण कोणाच्या तरी घरांत बसलों आहों असें वाटतें, आणि म्हणूनच त्या घरांत खून झाला म्हणजे धक्का बसतो.

याच्याशेजारीं बी. बी. सी. चा 'शेरलॉक' (२०१०–२०१७) ठेवून पाहावा. होम्सला व्हिक्टोरिया राणीच्या काळांतून उचलून मोबाइलच्या लंडनांत आणून सोडण्याची कल्पना धीट होती, आणि बेनेडिक्ट कंबरबॅच यांनीं ती भूमिका विलक्षण तेजानें केली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या मनांत चाललेले तर्क अक्षरें होऊन पडद्यावर उमटतात. प्रेक्षकाला जणूं त्याच्या डोक्यांत बसल्याचा आनंद होतो. पण हा होम्स समोरच्या माणसाला एका दृष्टिक्षेपांत वाचून टाकतो, आणि वाचून झाल्यावर त्या माणसाची त्याला गरज उरत नाहीं. तो उद्धट आहे. त्याचा उद्धटपणा हा त्याच्या बुद्धीचा दाखला म्हणून मांडला जातो, आणि भोंवतालचीं माणसें तो सोसतात. याच होम्सची ग्रॅनाडा कंपनीनें केलेली जुनी मालिका १९८४ ते १९९४ या काळांतील. तींतील जेरेमी ब्रेट यांचा होम्सही लहरी आणि तुसडा आहे. परंतु दारांत आलेल्या दुःखी मनुष्यापुढें तो एकदम मवाळ होतो. भालबा केळकरांच्या अनुवादांतून जो होम्स आमच्या पिढीला भेटला, तो हाच. न्यूयॉर्कांत घडणाऱ्या 'एलिमेंटरी' (२०१२–२०१९) या अमेरिकन मालिकेनें आणखी निराळी वाट धरली. तिचा होम्स व्यसनांतून सांवरणारा आहे, आणि वॉटसन ही स्त्री आहे. आपल्याला दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे, हें त्याला हळूहळू शिकावें लागतें. शोभेंत ती 'शेरलॉक'च्या मागें असेल. माणुसकींत ती पुढें आहे, असें माझें मत आहे.

ब्योमकेशाचेंही पुढें असेंच झालें. दिबाकर बॅनर्जी यांनीं २०१५ सालीं त्याच्यावर हिंदी चित्रपट काढला. तो चित्रपटगृहांसाठीं काढलेला खरा. पण आज तोही आपण घरच्याच पडद्यावर पाहतों. दुसऱ्या महायुद्धांतील कलकत्त्याचे रस्ते, ट्रामगाड्या आणि जुन्या जाहिराती त्यांत डोळ्यांचें पारणें फेडतात. सुशांतसिंह राजपूत यांनीं नवशिक्या, चुकत चुकत शिकणारा ब्योमकेश प्रामाणिकपणें उभा केला आहे. परंतु कथेचा पट इतका फुगविला आहे कीं, एका घराचें गुपित शोधणाऱ्या माणसावर संबंध शहर वांचविण्याची जबाबदारी येऊन पडते. २०१७ सालापासून आलेली 'हइचइ'ची बंगाली मालिका मीं उपशीर्षकांच्या आधारानें पाहिली. अनिर्बाण भट्टाचार्य यांच्या ब्योमकेशाच्या मनांतील अस्वस्थता खरी वाटते. पण भोंवतीं अंधार व धूर इतका दाटलेला असतो कीं, या मनुष्याच्या घरीं कधीं दुपारचें ऊन येत असेल असें वाटत नाहीं. २०२३ या एकाच वर्षीं 'दुर्गरहस्य' या एकाच कथेवर एक चित्रपट आणि एक मालिका अशा दोन कृति बंगालींत निघाल्या. या सत्यान्वेष्याची मागणी अजून किती आहे, हें त्यावरून कळावें.

आमच्या भागांतील वाचकांना सजावटीचें मर्म निराळें सांगावयास नको. चौक-कर्जत रस्त्यावर नितीन देसाई यांनीं उभारलेल्या चित्रनगरींत 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठीं आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता. लांकूड आणि प्लास्टर यांतून बादशाही उभी करणें ही थोर कला आहे, आणि ती जाणणारे कारागीर आपल्या शेजारीं वावरले. पण किल्ला उभा राहिला म्हणजे बादशहा आपोआप उभा राहत नाहीं, हेंही आपण जवळून पाहिलें आहे. नव्या ब्योमकेशांत कलकत्ता दिवसेंदिवस अधिक खरें होत चाललें आहे, आणि ब्योमकेश मात्र अधिकाधिक एकटा.

कोणी म्हणेल, ही करमणूक आहे. तिच्याविषयीं एवढा खल कशाला? याचें उत्तर मला माझ्याच आयुष्यांतून द्यावें लागतें, आणि तें फारसें भूषणावह नाहीं. प्राध्यापकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं खालापूर तालुक्यांतील एका खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यानें मला एक निबंध दिला. अर्धा निबंध निळ्या शाईनें लिहिलेला, अर्धा काळ्या. मध्येंच अक्षराचें वळण बदललेलें. आणि भाषा त्याच्या बोलण्यापेक्षां कितीतरी सरस. मी त्या वेळीं होम्सच्या पूर्ण कह्यांत होतों. भर वर्गांत तो कागद वर धरून, एकामागून एक पुरावे मांडीत, हा निबंध दुसऱ्या कोणाचा आहे असें मीं सिद्ध करून दाखविलें. वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें महिन्याभरानें कळलें कीं, तो रात्रपाळीला खोपोलीच्या एका कारखान्यांत जात असे; निबंधाचा पहिला भाग त्यानें घरीं लिहिला होता, आणि दुसरा पहाटे कामावर, गुडघ्यावर वही ठेवून, तेथें मिळालेल्या पेनानें. भाषेचें म्हणाल तर, बोलण्यास लाजणारा मनुष्य लिहितांना मोकळा होतो, एवढें साधें सत्य मला ठाऊक नव्हतें. माझीं सर्व निरीक्षणें बरोबर होतीं. निष्कर्ष तेवढा चूक होता. मीं त्याला एक प्रश्न विचारला असता तर पुरें होतें. हें मला कळेपर्यंत त्यानें माझ्या तासाला येणें सोडलें होतें, आणि वर्षाअखेर महाविद्यालयही.

म्हणून बुद्धीचें कोणतें चित्र आपण घरांत आणतों, याला मी महत्त्व देतों. पाहतांक्षणीं माणूस ओळखणें ही कर्तबगारी, आणि विचारून खात्री करणें हा मंदपणा, असा संस्कार तरुण मनांवर झाला, तर त्याचा भार वर्गांत आणि कचेरींत जो गप्प बसतो त्याच्यावर पडतो. ब्योमकेशाचा धर्म याच्या उलट आहे. 'आदिम रिपु' या कथेंत गुन्हेगार कोण हें उमगल्यावरही तो त्याला कायद्याच्या हातीं देत नाहीं. कारण गुन्ह्यामागचें सारें आयुष्य त्यानें ऐकून घेतलेलें असतें. त्याचा निर्णय कोणाला पटो वा न पटो, तो चुटकीसरशी घेतलेला नाहीं, हें मान्य करावें लागेल. 'शैलरहस्यां'त तर महाबळेश्वरच्या मुक्कामांत भुताचा अनुभव येतो, आणि जें आपल्या तर्कांत बसत नाहीं तेंही हा तर्कनिष्ठ मनुष्य मित्राला प्रामाणिकपणें लिहून कळवितो.

माझ्या मुलीची बाजू मांडल्याशिवाय हा लेख संपविणें अन्यायाचें होईल. पुढील भाग पाहतांना तिनें विचारलें, "सगळे बोलतात आणि ब्योमकेश ऐकतो, मग सत्यवतीचें कोण ऐकतो?" हा आक्षेप बिनतोड आहे. सुकन्या कुलकर्णी या आपल्या मराठी अभिनेत्रीनें सत्यवतीला हसरेपणा आणि ठसका दिला. परंतु मालिकेनें तिला बहुधा चहाच्या पेल्यांपलीकडे जाऊं दिलें नाहीं. अर्नाळकरांच्या झुंजारची विजया नवऱ्याच्या साहसांत भागीदार असे. तेवढें भाग्यही या सत्यवतीच्या वांट्याला आलें नाहीं. नव्या कृतींनीं तिला अधिक जागा दिली, ही त्यांची खरी कमाई आहे. जुन्याची भक्ति करतांना हें विसरून चालणार नाहीं.

तेव्हां माझा निर्णय असा: देखाव्यांत नवे अवतार श्रेष्ठ, सत्यवतीच्या बाबतींतही ते अधिक न्यायी, परंतु सत्यान्वेषी या पदवीला आजवर पुरा उतरला आहे तो रजित कपूर यांचाच ब्योमकेश. उद्यां कोणी मराठी निर्माता धनंजयाला किंवा महाबळेश्वरच्या ब्योमकेशाला पडद्यावर आणूं म्हणेल, तर त्यानें किल्ले आणि ट्रामगाड्या खुशाल उभाराव्या; पण एक साधी खोली राखून ठेवावी, जिच्यांत समोरासमोर दोन खुर्च्या असतील आणि आलेल्या माणसाचें बोलणें पुरें होईपर्यंत कोणी मध्यें तोंड घालणार नाहीं.

त्याच वर्षीं जूनमध्यें बासू चटर्जी निवर्तल्याची बातमी आली. त्या संध्याकाळीं मुलीनें आपण होऊन ब्योमकेशाचा एक जुना भाग लावला, आणि तो संपेपर्यंत ती मध्यें एक शब्दही बोलली नाहीं.