सेव्ह केलं की नेमकं काय वाचतं?

सापशिडीत ९८ वरच्या सापाची धास्ती वाटते, कारण खाली घसरलेली सोंगटी खालीच राहते. प्रत्येक फाशाआधी सेव्ह करता आलं असतं, तर तो साप नुसतं चित्र उरला असता. सिंगल-प्लेयर गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करू द्यावं का, हा वाद इथूनच सुरू होतो. पण तो बहुतेक वेळा 'सोपं की अवघड' यातच अडकतो.

जरा हिशोब करू. ओळीने पाच लढाया, प्रत्येक जिंकण्याची शक्यता ७० टक्के. प्रत्येक विजयानंतर सेव्ह केलं, तर पाचही पार व्हायला सरासरी सातेक लढाया पुरतात. हरल्यावर पहिल्यापासून सुरुवात असेल, तर साडेसोळा लागतात. शत्रू तेच, बंदूक तीच. फरक इतकाच, की पाचव्या लढाईत आधीच्या चारही पणाला लागलेल्या असतात. अवघडपणा शत्रूत असतो. जोखीम शेवटच्या सेव्हपासूनच्या अंतरात असते.

'सेलेस्ट' (२०१८) भयंकर अवघड आहे, पण त्यात जोखीम जवळपास नाही. मेलात की क्षणात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला. बोटांना उडी शिकवायची असल्यामुळे ते योग्यच आहे. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये (१९९६) उलट. टाइपरायटरवर सेव्ह करायला शाईची रिबन लागते आणि रिबनी मोजक्याच. आत्ता वापरू की पुढच्यासाठी ठेवू, ही घालमेल भीतीचाच भाग होते.

'एक्सकॉम: एनिमी अननोन' (२०१२) मध्ये मेलेला सैनिक कायमचा जातो. ८५ टक्क्यांचा नेम चुकला म्हणून रीलोड करून तोच नेम पुन्हा धरलात, तर निकाल तोच येतो. आधी दुसरी एखादी चाल केली, तर मात्र बदलू शकतो. मग आपण डावपेच सोडून चालींचा क्रम उलटसुलट करत बसतो. ही स्ट्रॅटेजी नाही, डीबगिंग आहे. 'आयर्नमॅन' मोडमध्ये एकच सेव्ह असतो, तोही सतत नव्याने लिहिला जातो. तिथे सैनिक गेला तर गेला. उरलेल्यांना घेऊन मोहीम रेटायची.

'नको तर सेव्ह करू नका, जबरदस्ती कुठे आहे?' हा युक्तिवाद अर्धाच खरा. बॅटिंग करणाऱ्यालाच अंपायर केलं, की दर बॉलला त्याचं लक्ष दोन ठिकाणी जातं. रडीचा डाव न खेळण्याचं ओझंही त्याच्यावरच.

पण बस आली, चार्जिंग संपलं, आईने हाक मारली, तर? 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) आला तेव्हा मनात येईल तेव्हा सेव्ह करायला एक खास दारू प्यावी लागे. पुढे अपडेटमध्ये 'सेव्ह करून बाहेर पडा' ही सोय आली. परत आलात की तो सेव्ह पुसला जातो. म्हणजे सेव्हची कामं दोन आहेत: पुस्तकात खूण ठेवणं आणि पान फाडून पुन्हा लिहिणं. पहिलं कोणत्याही गेमने नाकारू नये. दुसरं किती द्यायचं, हे गेम बनवणाऱ्याने ठरवावं.

ते नीट ठरलंय का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: हरल्यावर जे जातं, त्यामुळे गेममध्ये पुढे काही वेगळं घडतं का? 'एक्सकॉम'मध्ये घडतं. तोच कॉरिडॉर पुन्हा चालायचा आणि तोच संवाद पुन्हा ऐकायचा असेल, तर ती जोखीम नव्हे. तो फक्त आपला वेळ आहे.