वकील आणि अशील

मराठी समीक्षेने फादर स्टीफन्सचे फक्त कौतुकच केले. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात येतो, मराठी शिकतो आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापतो, याने आमचा भाषाभिमान सुखावतो. त्याने केलेली मराठीची स्तुती पाठ करून आपण मोकळे होतो. तो ज्या साष्टीत राबला तिथे काय घडत होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

देवळे पाडणाऱ्या सत्तेविरुद्ध कुंकळ्ळीचे गावकरी उठले. १५ जुलै १५८३ रोजी त्यांच्या हातून पाच जेझुइट मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात नेले आणि कापून काढले. क्रिस्तपुराण बायबलची कथा सांगते, असोळण्याची नाही.

त्याच शतकात स्पेनचा धर्मगुरू लास कासास स्वतःच्याच देशबांधवांवर आरोपपत्र लिहीत होता. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे माणूसपण त्याने भर सभेत मांडले. मोठाच माणूस! पण याच माणसाने १५१६ साली त्यांची सुटका व्हावी म्हणून काळे गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्याला पश्चात्ताप झाला. मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करावे याविषयी मात्र त्याला कधी शंका आली नाही. त्याला फक्त तलवार नको होती.

स्टीफन्सने एवढेही केले नाही. लोकभाषेत लिहिणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे मान्य. १६८४ साली तर देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचे फर्मान निघाले. पण पुराणाचा घाट त्याने ज्यांच्यासाठी निवडला, त्यांच्या कानांवर पुराणे आधीपासूनच पडत होती. ओवी जात्यावरचीही होती, हे खरे. तरी जात्यावरच्या बाईला त्यात जागा कुठे? बाप्तिस्म्यानंतरही गोव्यात बामण बामणच राहिला आणि महार महारच. (गावकरीतही महाराला वाटा नव्हता. कुंकळ्ळीचा गौरव करणाऱ्यांनी हे विसरू नये.)

वकील कितीही सज्जन असो, अशिलाने काय मागायचे हे तोच ठरवतो. १९३१ च्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा गांधीजींचा दावा बाबासाहेबांनी फेटाळला, तो याच कारणाने. आमच्या नवी मुंबईत जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण मेले, तेव्हाही बाजू मांडली ती जासईच्याच दि. बा. पाटलांनी.

कुंकळ्ळीची हकीकत आपल्याला मुख्यतः पाद्र्यांच्या कागदपत्रांतून कळते. क्रिस्तपुराण शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ती हकीकतही वर्गात वाचावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे, की यात गावकऱ्यांचे स्वतःचे असे एक तरी वाक्य सापडते का.