परतूर ते नामांतर : बाबासाहेबांची एक पुस्तिका जालन्यातून वाचताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ ही पुस्तिका डिसेंबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते आणि मुंबई धुमसत होती. भाषावार प्रांतरचनेवर आपल्याकडे जे काही गंभीर लिहिले गेले, त्यात या पुस्तिकेची बरोबरी करणारे फार थोडे आहे, असे माझे मत आहे. मात्र तिच्यावरील मराठी चर्चा वाचली की ती बहुतेक मुंबईभोवती फिरताना दिसते. मुंबई महाराष्ट्राला द्यावी की वेगळी ठेवावी, बाबासाहेब संयुक्त महाराष्ट्राचे मित्र की विरोधक, एवढ्यावर ती संपते. मराठवाडा त्या चर्चेत तळटीपेइतकाच येतो. खुद्द पुस्तिकेत मात्र मराठवाड्यावर बाबासाहेब थांबून आणि पोटतिडकीने बोलतात. म्हणून ती जालना जिल्ह्यात बसून वाचली तर काय दिसते, ते नोंदवण्याचा हा प्रयत्न आहे.

पुस्तिकेचा युक्तिवाद थोडक्यात असा. लोकशाही चालायची तर राज्यातल्या माणसांना एकमेकांविषयी आपलेपणा हवा आणि एका भाषेने तो सहज येतो. म्हणून एका राज्यात एकच भाषा असावी. पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. मराठी माणसांची चार राज्ये करा, असे ते सुचवतात : मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. मराठवाड्याचे पाचही जिल्हे मध्य महाराष्ट्रात. १९४८ मध्ये दार आयोगापुढे त्यांनी एकाच मराठी प्रांताची बाजू मांडली होती. मत बदलल्याचे ते प्रस्तावनेत आडपडदा न ठेवता मान्य करतात. याला जोडून एक भीती आणि तिच्यावरचा उपाय येतो. भाषिक राज्याच्या पोटातून उद्या वेगळे राष्ट्र जन्माला येऊ शकते, ही भीती. राज्याची भाषा ही त्या राज्याची राजभाषा असू नये, अशी तरतूद घटनेतच करावी. राजभाषा हिंदी असावी आणि देश त्यासाठी तयार होईपर्यंत इंग्रजी, हा उपाय.

हा उपाय वाचताना मी प्रत्येक वेळी अडतो. त्याचे कारण परतूरमध्ये आहे.

परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला, त्याआधी ते परभणी जिल्ह्यात होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांच्या ‘महाराष्ट्र परिषदे’चे पहिले अधिवेशन १९३७ साली या परतूरला भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. संस्थानात तेव्हा राजकीय संघटनेला वाव नव्हता. सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ हे हुकूमनामे जुन्या माणसांच्या तोंडी शेवटपर्यंत होते. अशा मुलखात लोकांना एकत्र येण्यासाठी भाषा हीच एक जागा उरली होती. तेलुगू भाषकांची आंध्र महासभा आधीच उभी राहिली होती, कानडी भाषकांची कर्नाटक परिषद होती, मराठी भाषकांची ही महाराष्ट्र परिषद. शाळा, ग्रंथालये, मातृभाषेतून शिक्षण अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या मागण्यांपासून या परिषदा सुरू झाल्या. त्यांतच तयार झालेली माणसे पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये गेली. १९३८ मध्ये ती संघटना धड स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, आणि दहा वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, संस्थान भारतात आले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘आधी राष्ट्र, मग भाषा’ असे वाक्य आपण सभासंमेलनांत सहज टाकतो. परतूरच्या मांडवात जमलेल्या माणसांना ते कळले नसते. ते मराठीतून भारतापर्यंत पोचले. दुसरी वाट त्यांना उपलब्धच नव्हती. आणि त्यांच्याशेजारी तेलुगू आणि कानडी माणसे आपापल्या भाषेतून त्याच ठिकाणी पोचत होती. लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ जन्माने विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. त्यांचे कार्यक्षेत्र हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या मराठी शाळांपासून हैदराबाद शहरापर्यंत होते, आणि स्वातंत्र्यानंतर या बहुभाषिक संस्थानाचे भाषावार तुकडे व्हावेत असा आग्रह धरणाऱ्यांत ते पुढे होते. भाषेने देश फुटतो, या गृहीतकाला इतके स्वच्छ उत्तर देणारा दुसरा मुलूख मला तरी माहीत नाही.

आता उपायाकडे वळू. लोकांची भाषा एक आणि कचेरीची दुसरी, ही व्यवस्था बाबासाहेब एकात्मतेसाठी सुचवतात. ती आमच्याकडे होऊन गेली आहे. हैदराबाद संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी होती, चौथाईच्या आसपास मराठी, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दरबारची फारसी जाऊन तिच्या जागी उर्दू आली, आणि तहसीलपासून अदालतीपर्यंत कागद उर्दूत निघू लागला. शिक्षणाच्या पायऱ्याही तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. जसजसे वर जावे तसतशी उर्दू घट्ट होत जाई. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचा गौरव आपण करतो तो योग्यच आहे. इंग्रजी बाजूला सारून एका भारतीय भाषेतून वैद्यक आणि विज्ञान शिकवणे, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवणे ही लहान गोष्ट नव्हती. फक्त ती भारतीय भाषा अंबड-भोकरदनच्या मुलाची नव्हती. देशी भाषा आणि लोकांची भाषा या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, याचा एवढा ढळढळीत दाखला शोधून सापडणार नाही.

माझ्या आजोबांच्या जमिनीची १३४० फसलीची, म्हणजे १९३०-३१ ची, एक पावती घरात आहे. वर्ष फसली, महिना इराणी, मजकूर उर्दू. आजोबा हरिपाठ म्हणत आणि सहीपुरती उर्दू जाणत. पावतीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि मलाही येत नाही. जालन्यात कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती मला वाचून दाखवली. त्यांचे म्हणणे असे पडले की दर महिन्याला दोन-तीन माणसे तरी असे कागद घेऊन येतात, आणि त्यांच्या नातवंडांना ते अक्षर लागत नाही, कारण ती घसरती शिकस्ता लिपी छापील उर्दूहून फार वेगळी असते.

हे केवळ घरगुती कौतुक नाही. मराठवाड्यात जमिनीचा दावा आजही मुंतखब, अतियात, मददमाश, खिदमतमाश, सर्फ-ए-खास या शब्दांवाचून पुढे सरकत नाही. आमच्याकडच्या कुळांना लागू असलेला कायदासुद्धा १९५० चा हैदराबादचा आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातील कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हा अभिलेख कक्षांतले बस्ते सुटले आणि एकदम लक्षात आले की उर्दू आणि मोडी वाचणारी माणसेच कमी पडत आहेत. आरक्षणाच्या मागणीबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही. पण आपल्या पणजोबाविषयी सरकारने काय लिहून ठेवले आहे हे कळण्यासाठी लाखो माणसांना दुभाष्या शोधावा लागला, ही कचेरीची भाषा वेगळी ठेवण्याची किंमत आहे. ती तिसऱ्या-चौथ्या पिढीतही फिटलेली नाही.

यावर असे म्हणता येईल की निजामाची उर्दू राजाने लादलेली होती, बाबासाहेबांची हिंदी लोकनियुक्त संसदेतून येणार होती. फरक खरा आहे. पण तहसीलीच्या दारावर डकवलेली नोटीस वाचायला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला तो फरक कसा जाणवावा? लोकशाही सोपी व्हावी म्हणून एक राज्य, एक भाषा, असे पुस्तिका म्हणते. आणि मग तीच भाषा कचेरीच्या उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगते. ही तिच्यातली विसंगती आहे, आणि ज्या मुलखाने ती भोगली त्या मराठवाड्याबद्दल त्याच पुस्तिकेत इतक्या कळवळ्याने लिहिलेले असावे, याचे मला नवल वाटते. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढणाऱ्या माणसाला आमच्याकडची शाळा काय आणि कचेरी काय, दोन्ही ठाऊक होते. देश फुटण्याची भीती त्या वर्षांत किती खरी वाटत होती, हे लक्षात घेतले तरच या उपायाची संगती लागते. उत्तर-दक्षिण दुरावा कमी व्हावा म्हणून हैदराबाद शहराला भारताची दुसरी राजधानी करा, असेही ते याच पुस्तिकेत सुचवतात. सूचना बाजूलाच पडली; वाचायला मात्र आजही मौज वाटते.

त्यांची दुसरी भीती मात्र अक्षरशः खरी ठरली, आणि तिची चर्चा आपण टाळतो. भाषा एक असली म्हणजे माणसे एक होत नाहीत. एका भाषेच्या मोठ्या राज्यात पुढारलेला भाग मागासलेल्या भागाला मागेच ठेवील आणि संख्येने मोठी जात लहान जातींवर बसेल, म्हणून राज्ये लहान ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. दोनशे वर्षे निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या, कालवे नसलेल्या, शाळा नसलेल्या मराठवाड्याचा स्पर्धेत निभाव कसा लागणार, हा प्रश्न त्यांनी थेट विचारला होता. त्याला उत्तर म्हणून २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार दाखवला जातो. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, याचा आम्हांला अभिमान आहे, आणि तीच आमची तक्रारही आहे. वैधानिक विकास मंडळ यायला १९९४ उजाडले आणि २०२० मध्ये त्याची मुदत संपली.

पण लहान राज्याने हे टळले असते का? बाबासाहेबांचा मध्य महाराष्ट्र पाहा : मराठवाड्याबरोबर खानदेश, नाशिक, अहमदनगर आणि सोलापूरचा मराठी भाग. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगर आणि खालच्या अंगाला आम्ही, एकाच राज्यात. पैठणच्या जायकवाडीत पाणी किती सोडायचे, हे भांडण आज मुंबईत आणि न्यायालयात चालते. तेव्हा ते त्या छोट्या राज्याच्या विधानसभेत चालले असते आणि बहुधा निकालही असाच लागला असता. डावा कालवा अंबड-घनसावंगीतून परभणीकडे जातो. त्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला राज्य मोठे की लहान, यापेक्षा वरचे दार कोण उघडतो हे महत्त्वाचे. भाषेच्या नकाशात नदी दिसत नाही, आणि या ठिकाणी पुस्तिकेचा नकाशाही भाषेचाच नकाशा राहतो.

जातीच्या बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे खोडायला मला जागा सापडत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. विरोध करणाऱ्यांनी जी भाषा वापरली ती अस्मितेची होती. ‘मराठवाडा’ हे आमच्या भूमीचे नाव, निजामाशी लढून राखलेले, ते पुसू देणार नाही, असे मोठमोठी माणसे लिहीत आणि बोलत होती. त्यांत स्वातंत्र्यसैनिक होते, संपादक होते. इतिहास पाहिला तर हे नाव आमच्या लढ्याने दिलेले नाही. संस्थानच्या मराठी भागाला तेलंगणापासून वेगळे ओळखण्यासाठी निजामी कारभारात आणि इंग्रजी गॅझेटिअरात ते आधीपासून रूढ होते. म्हणजे ते भाषेवरून पडलेले नाव. जाळणारा आणि जळणारा, दोघांचीही भाषा तीच होती. एकच मराठी, एकच हेल, ‘करूलालो’-‘जाऊलालो’सुद्धा एकच. परतूरच्या मांडवातली अस्मिता सत्तेखाली दबलेल्यांची होती. चाळीस वर्षांनी तीच अस्मिता गावातल्या सत्तेच्या हाती गेली. तिने दिल्लीला धोका पोचवला नाही. तिने गावकुसाबाहेरच्या माणसाला ‘तू आमच्यातला नाहीस’ असे सांगितले.

आणि ज्यांच्या नावाविरुद्ध ‘मराठवाडा’ हा शब्द उभा केला गेला, त्यांनीच तेवीस वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या उपेक्षेवर असे लिहिले होते. नामांतराच्या काळातील विरोधी लेखन मला जेवढे मिळाले तेवढे मी वाचले आहे. या पुस्तिकेतला मराठवाड्याविषयीचा मजकूर त्यात मला एकदाही भेटला नाही.

तोडगा निघाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला आणि दोन्ही नावे शेजारी बसली. त्याला सोळा वर्षे लागली. जालन्याची महाविद्यालये याच विद्यापीठाला संलग्न आहेत. पदवीच्या कागदावर पूर्ण नाव असते. बोलताना एवढे लांब नाव कोणी घेत नाही. कोणी ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणतो, कोणी ‘आंबेडकर विद्यापीठ’. नव्या पोरांनी ‘बामू’ करून टाकले आहे. मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस यांतले कोणते नाव घेतो, याकडे मात्र ऐकणाऱ्याचे अजून लक्ष असते.