हास्य आणि भयानक : ‘द ओल्ड डार्क हाउस’च्या संस्कारित प्रतीच्या निमित्ताने

जुने भयपट वर्गात दाखविताना येणारा एक अनुभव बहुतेक अध्यापकांच्या परिचयाचा असेल. ज्या प्रसंगी भय वाटावे अशी अपेक्षा असते, नेमक्या त्याच प्रसंगी विद्यार्थी हसतात. हे हसू कालबाह्य तंत्राला असते, की दिग्दर्शकानेच ते योजलेले असते? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु गॉथिक भय-विनोदपट या प्रकाराचे सारे मूल्यमापन त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात जेम्स व्हेल दिग्दर्शित ‘द ओल्ड डार्क हाउस’ (१९३२) या चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्याची फोर-के संस्कारित प्रत २०१७ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आली व त्याच वर्षी ती ब्लू-रे तबकडीच्या रूपाने घरगुती प्रेक्षकांना उपलब्ध झाली. ही प्रत पाहिल्यावर या चित्रपटाविषयीचे काही रूढ अभिप्राय बदलावे लागतात, असे माझे मत आहे.

कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. वेल्समधील डोंगराळ प्रदेशात मुसळधार पावसात अडकलेले प्रवासी एका जुनाट वाड्यात आसरा घेतात. तेथे फेम कुटुंब राहते : भेकड होरेस, त्याची बहिरी व धर्मवेडी बहीण रिबेका, अंथरुणाला खिळलेला एकशे दोन वर्षांचा बाप, वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेला आग लावण्याचे वेड असलेला भाऊ सॉल आणि दारू चढली की अनावर होणारा मुका नोकर मॉर्गन. चित्रपटाला जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘बिनायटेड’ (१९२७) या कादंबरीचा आधार आहे. मॉर्गनची भूमिका बोरिस कार्लोफने केली आहे. ‘फ्रँकेनस्टाइन’मधील राक्षस साकारणारा कार्लोफ तो हाच, याविषयीचे वाद आधीच मिटावेत म्हणून हा खुलासा करीत आहोत, अशा अर्थाचे निर्मात्याचे निवेदन चित्रपटाच्या आरंभीच येते. भयपटाच्या दारातच ठेवलेला हा मिस्कील खुलासा पुढील सुराची कल्पना देतो.

आपल्या साहित्यशास्त्रात रसविरोधाची सविस्तर चर्चा आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक व करुण यांचा निर्देश केला आहे. विरोधी रसांची आलंबने वेगळी ठेवली असता विरोध मावळू शकतो, ही सोयही परंपरेने दाखविली आहे. पाश्चात्त्य भय-विनोदपटांपैकी पुष्कळांनी नकळत हीच सोय स्वीकारलेली दिसते. ‘अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’ (१९४८) हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे ड्रॅक्युला व राक्षस आपापल्या भूमिका गंभीरपणे वठवितात आणि विनोदाचा सारा भार अॅबट-कॉस्टेलो ही जोडी उचलते. प्रेक्षकाने कोणाला भ्यावे व कोणाला हसावे याविषयी संभ्रम राहत नाही. चित्रपट रंजक आहे. परंतु त्यातील दोन रस शेजारी-शेजारी राहतात, एकमेकांच्या घरात शिरत नाहीत.

व्हेलने ही सोय नाकारली आहे. त्याच्या चित्रपटात भयाचे आणि हास्याचे आलंबन एकच आहे. होरेस फेम (अर्नेस्ट थेसिजर) फुलांचा गुच्छ उचलतो, आपली बहीण ती फुले रचून ठेवण्याच्या बेतात होती असे सौजन्याने सांगतो आणि दुसऱ्याच क्षणी गुच्छ आगीत टाकतो. येथे हसू येते आणि त्याच क्षणी या घरात काहीतरी बिनसले आहे हेही उमगते. जेवणाच्या प्रसंगी तो पाहुण्यांपुढे उकडलेला बटाटा असा काही करतो की, आग्रह आणि धमकी यांतील सीमारेषा पुसली जाते. यजमानच पाहुण्यांहून अधिक घाबरलेला असणे, ही तर गॉथिक परंपरेची सरळ उलटापालट होय.

संस्कारित प्रतीचे महत्त्व येथे लक्षात येते. आलंबन एकच असेल तर एका रसाकडून दुसऱ्याकडे होणारे संक्रमण कथानकात घडत नाही, ते चेहऱ्यावर घडते. भुवईच्या, ओठाच्या, नाकपुडीच्या सूक्ष्म हालचालीत घडते. पूर्वीच्या धूसर प्रतींमध्ये काळ्या रंगाच्या छटा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. चेहरा एक तर पांढरा ठिपका असे किंवा सावलीत बुडालेला असे. सॉलचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कोंडलेला सॉल बाहेर येतो तेव्हा तो भयंकर राक्षस नसून केविलवाणा, म्हातारा, मदतीची याचना करणारा माणूस आहे असे वाटते. पेंडरेलची नजर क्षणभर दुसरीकडे वळते आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर धूर्त हसू पसरते. हा बदल दिसला नाही तर पुढचा सुरीचा प्रसंग केवळ हाणामारी ठरतो. दिसला, तर त्याआधी आपल्याला वाटलेली करुणाच आपली थट्टा करू लागते. करुण, हास्य आणि भयानक हे तिन्ही रस एका चेहऱ्यावर क्रमाने नव्हे, जवळजवळ एकदमच येतात.

अंधुकपणा हाच गॉथिकचा आत्मा आहे, तेव्हा इतकी स्वच्छता रसहानिकारक ठरणार नाही काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो विचारार्ह आहे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे पुष्कळदा दगडी कोरीवकामावर चढविलेला ऑइलपेंट असतो, हे आपण पाहतोच. चित्रपटाच्या संस्करणातही असा ऑइलपेंट शक्य आहे. फिल्मचा मूळ कण पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करण्याचे प्रकार घडले आहेत. प्रस्तुत प्रतीत तसे झालेले नाही. छायाचित्रकार आर्थर एडिसन यांनी योजलेला अंधार आणि प्रतीवर साचलेला काळोख या भिन्न गोष्टी आहेत. दुसरा दूर झाल्यावर पहिला अधिक गडद झाला आहे. मार्गारेट भिंतीवर हातांच्या सावल्यांचा खेळ करीत असता रिबेकाची सावली त्यात शिरते, तो प्रसंग याची साक्ष देतो.

स्वच्छतेने उघडकीस आणलेली एक गोष्ट मात्र चर्चेस पात्र आहे. एकशे दोन वर्षांच्या सर रॉडरिकची भूमिका एल्स्पेथ डजन या अभिनेत्रीने केली असून श्रेयनामावलीत तिचे नाव ‘जॉन डजन’ असे दिले आहे. नव्या प्रतीत दाढीचा कृत्रिमपणा लपत नाही. तंत्रदृष्ट्या हा दोष वाटेल. परंतु त्या नाजूक चेहऱ्याकडे व पातळ आवाजाकडे पाहताना आपण हसावे की शहारावे हे कळेनासे होते, आणि व्हेलला नेमकी हीच अवस्था अभिप्रेत असावी.

हा चित्रपट आज पाहावयास मिळतो, हीच मुळात सहज घडलेली गोष्ट नाही. कादंबरीचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे राहिले नाहीत. विल्यम कॅसल यांनी १९६३ मध्ये त्याच कथेवर नवा चित्रपट काढला आणि मूळ चित्रपट नष्ट झाला असे मानले जाऊ लागले. व्हेलचे स्नेही, दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन यांनी पाठपुरावा करून १९६८ मध्ये कंपनीच्या कोठारातून त्याची निगेटिव्ह शोधून काढली. पहिले रीळ खराब होऊ लागले होते. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसने नवी प्रत काढण्याचा खर्च उचलला, म्हणून पुढचे सारे शक्य झाले. याच्या आदल्याच वर्षी, १९३१ मध्ये, प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’चा असा पाठपुरावा यशस्वी झाला नाही, आपल्या पहिल्या बोलपटाविषयी आपण आज छायाचित्रे व जाहिराती यांवरून बोलतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेची शिस्त आपल्या विद्यापीठांत रुजलेली आहे. चित्रपटावर लिहिताना मात्र कोणती प्रत पाहिली याची नोंद क्वचितच केली जाते. धूसर प्रतीवरून ‘विनोद फसलेला आहे’ असा निर्णय देणे म्हणजे खंडित पोथीवरून कवीला छंद येत नव्हता असे म्हणण्यासारखे होय.

या चित्रपटातील हास्याला युद्धाची पार्श्वभूमी आहे, हेही नव्या प्रतीत अधिक जाणवते. व्हेल स्वतः पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. पेंडरेल हा त्याच युद्धातून परतलेला, कशावरच विश्वास न उरलेला तरुण. मेल्विन डग्लसने त्याच्या थट्टेखोरपणाखालचा थकवा दाखविला आहे. चार्ल्स लॉटनचा सर विल्यम खदाखदा हसतो. परंतु प्रतिष्ठितांनी केलेल्या अवहेलनेने खचून गेलेल्या आपल्या पत्नीविषयी तो बोलू लागतो, तेव्हा वाड्याबाहेरच्या इंग्लंडमध्येही भीती भरून राहिली आहे हे कळते.

शेवट मात्र मला समाधानकारक वाटत नाही. कादंबरीत पेंडरेल मरतो. चित्रपटात तो वाचतो आणि सकाळी ग्लॅडिसला लग्नाची मागणी घालतो. भय व हास्य यांचा तोल शेवटच्या काही मिनिटांत हास्याकडेही झुकत नाही, केवळ सुखान्ताकडे झुकतो. त्यातल्या त्यात होरेस खाली येऊन, रात्री काहीच घडले नाही अशा थाटात पाहुण्यांना निरोप देतो, तेवढ्यापुरता व्हेल पुन्हा दिसतो. सकाळच्या त्या उजेडात थेसिजरचा चेहरा आता स्पष्ट दिसतो, आणि त्यावर रात्रीचा कसलाही मागमूस नाही.