दारातला माणूस

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलची खोली मिळाली, तेव्हा भिंतीवर आधीच्या मुलाने सोडून दिलेलं एक पोस्टर होतं. समुद्रात उभा दगडी दीपस्तंभ आणि त्याला मागून कवेत घेणारी प्रचंड लाट. पुढची तीन वर्षं मी त्या पोस्टरखाली झोपलो. दीपस्तंभाच्या दारात एक माणूस उभा आहे, हे मात्र पहिलं सेमिस्टर संपताना दिसलं, तेही चार्जर शोधायला पलंगावर चढलो म्हणून. त्यानंतर त्या पोस्टरमधली नुसती लाट बघणं मला कधी जमलं नाही.

हा फोटो तुम्हीही पाहिला असणार. कुणाच्या तरी वॉलपेपरवर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘संकटातही ठाम उभे राहा’ छापाच्या सुविचारामागे. फ्रेंच छायाचित्रकार ज्याँ गिशार यांनी तो २१ डिसेंबर १९८९ रोजी हेलिकॉप्टरमधून काढला. दीपस्तंभाचं नाव ‘ला झ्युमाँ’, म्हणजे घोडी. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापलीकडे वेसाँ नावाचं बेट आहे, त्याच्याजवळच्या खडकावर तो उभा आहे.

दीपस्तंभाचा फोटो कसा काढावा, यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. सगळ्यांचा सल्ला साधारण एकच: ग्रिड चालू करा, दीपस्तंभ एका बाजूच्या रेषेवर घ्या, पुढे खडक किंवा पायवाट असू द्या, सूर्य मावळायची वाट बघा. गिशारच्या फोटोत यातलं काहीच नाही. दीपस्तंभ जवळपास मध्यावर आहे. पायवाट नाही, मावळतीचे रंग नाहीत. तरीही नजर हलत नाही. का?

पहिलं कारण मापाचं. दीपस्तंभ रोज बघायची वस्तू नाही. एकटा दीपस्तंभ दहा मीटरचा आहे की पन्नास, हे फोटोवरून कळत नाही आणि म्हणून लाटेचा आकारही कळत नाही. युनिट न लिहिलेल्या ग्राफसारखं ते चित्र असतं. ला झ्युमाँच्या पायथ्याशी असलेलं दार ते युनिट देतं आणि दारातला माणूस ते पक्कं करतो. तो अंगठ्याने झाकून बघा. लाट लगेच लहान होते.

दुसरं कारण वेळेचं. इन्स्टाग्रामवर किनाऱ्याचा ‘क्लासी’ फोटो म्हणजे लाँग एक्स्पोजर. शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं, की लाटांचं धुकं होतं आणि समुद्र दुधासारखा दिसतो. मीही असे फोटो काढलेत, आणि लाइक्सही मिळवलेत. पण त्या फोटोंत समुद्राचा धाक उरत नाही. धाकच नसेल, तर दीपस्तंभ तिथे बांधला कशाला? तो नुसता शोभेचा खांब होतो. गिशारने सेकंदाचा बारीकसा तुकडा पकडलाय. त्यात लाट दोन्ही बाजूंनी वळून येताना थांबली आहे, आणि पुढच्या क्षणी काय होणार ते आपल्याला कळतं.

इथे त्या सुविचारांबद्दल एक तक्रार करायची आहे. हा दीपस्तंभ कधीच ‘ठाम’ नव्हता. पोत्रों नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले होते, आणि सात वर्षांत काम पूर्ण व्हावं अशी अट घातली होती. १९०४ ते १९११ या काळात, डेडलाइन गाठत, तो बांधला गेला. मग वादळात तो हादरायला लागला. पुढे काँक्रीट ओतून आणि पोलादी दोरांनी खडकाला जखडून त्याला आधार द्यावा लागला. म्हणजे सुविचारवाले ज्याला अढळ समजतात, तो आतल्या माणसांच्या पायाखाली थरथरायचा. ती माणसं तरीही रात्री दिवा पेटता ठेवायची. सुविचार लिहायचाच असेल तर त्यांच्यावर लिहायला हवा. पण त्या फॉरवर्डमध्ये माणूस बहुतेक वेळा मजकुराखाली झाकलेला असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि सगळ्यात अवघडही. लाट दीपस्तंभाच्या मागून येतेय. दार पुढच्या, आडोशाच्या बाजूला आहे. त्यामुळे लाट आपल्याला दिसते, दारातल्या माणसाला नाही. तो आपल्याकडे बघतोय.

तो का बघतोय? त्याचं नाव थेओदोर माल्गोर्न, दीपस्तंभाचा रखवालदार. त्या वादळात लाटांनी खिडक्या फोडून पाणी आत शिरलं होतं आणि सुटकेची वाट बघणं चालू होतं. हेलिकॉप्टरचा आवाज आला. माल्गोर्नला वाटलं, आपल्याला न्यायला आले. त्याने दार उघडलं. हेलिकॉप्टर गिशारचं होतं. मागून येणाऱ्या लाटेचा अंदाज येताच त्याने कसंबसं दार लावलं आणि तो वाचला.

म्हणजे ज्या माणसामुळे हा फोटो थोर झाला, त्याला फ्रेममध्ये आणलं ते फोटो काढणाऱ्याच्याच आवाजाने. गिशारचा तसा हेतू नव्हता. पण आपण कौतुकाने बघतो ती रचना एका गैरसमजावर उभी आहे, आणि तो गैरसमज जिवावर बेतला असता.

हे वाचलं तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचा जुलै आठवला. रत्नागिरीजवळचा खडकाळ किनारा, लांब टेकडीवर दीपस्तंभ, भरतीची वेळ. फ्रेम रिकामी वाटत होती. मी मित्राला म्हणालो, “अजून दोन पावलं मागे जा ना. स्केल येईल.” तो माझ्याकडे तोंड करून, हसत मागे सरकला. लाट त्याच्या पाठीमागे होती. मला स्क्रीनवर ती दिसत होती, आणि मी ओरडायच्या आधी बटण दाबलं. गुडघा सोलवटला, फोन गेला, एवढ्यावर निभावलं. फोटो मात्र झकास आला. तो अजूनही त्याचा डीपी आहे. तो मला कधीच काही बोलला नाही. गिशारने निदान माल्गोर्नला बाहेर बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं.

मग गिशारचा फोटो कमी प्रतीचा ठरतो का? मला नाही वाटत. उलट गोष्ट कळल्यावर तो जास्त खरा होतो. तो ताकदीचा फोटो राहत नाही. मदत आली असं वाटून दार उघडणाऱ्या माणसाचा होतो. १९९१ मध्ये ला झ्युमाँ स्वयंचलित झाला आणि तिथली रखवालदारी संपली. आता त्याचे ड्रोनने काढलेले सुंदर व्हिडिओ येतात. लाटा तशाच, रंग अधिक देखणे, दार बंद. बघून अंगठा पुढे सरकतो.

मी ग्रिड बंद केलेला नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर अजूनही जातो. फक्त फ्रेममध्ये कुणी असेल, तर त्यालाही लाट दिसतेय ना, हे आधी बघतो. दिसत नसेल तर फोन खाली ठेवून हाक मारतो. त्यात बरेच चांगले फोटो हुकतात.