ऊतीतील खूण आणि जोखमीचे भाकीत

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधीच्या संशोधनात ‘ऊती-जैवनिर्देशक’ ही संज्ञा तीन भिन्न प्रश्नांसाठी योजली जाते : रोगाची जोखीम किती, झालेला रोग पुढे कसे वळण घेईल आणि कोणते औषध लागू पडेल. एका प्रश्नाला उपयोगी ठरलेली खूण दुसऱ्यालाही चालेल असे गृहीत धरणे, हा या लेखनातील मुख्य दोष होय.

१९९० मध्ये फिअरन व व्होगेलस्टाइन यांनी पॉलिपपासून कर्करोगापर्यंतचा जनुकीय बदलांचा क्रम मांडला. त्यातील पी-५३ वर पुढे विपुल संशोधन झाले. तरीही अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २००६ मध्ये त्याच्या नित्य वापरास पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. ऊती फॉर्मेलिनमध्ये किती वेळ ठेवली, कोणते प्रतिपिंड वापरले, किती टक्के पेशी रंगल्यावर ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे, हे प्रयोगशाळेगणिक बदलत असे. निष्कर्ष पाहून मर्यादा ठरवली की आकडा आकर्षक दिसतो. मात्र दुसऱ्या रुग्णसमूहात तो टिकत नाही. म्हणूनच २००५ च्या ‘रिमार्क’ नियमावलीने हे तपशील नोंदवण्याचा आग्रह धरला.

याउलट, लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराच्या शोधात ऊतीची तपासणी उपयुक्त ठरली आहे. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ व पीएमएस-२ ही प्रथिने गाठीत आहेत का, हे पाहिले जाते. प्रथिन दिसणे स्वाभाविक, न दिसणे ही धोक्याची सूचना. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’चा रूढ अर्थ येथे उलटा होतो. शिवाय एमएलएच-१ नसले म्हणजे दोष वंशातच आहे, असेही नव्हे. बहुतेकदा ते जनुक गाठीतच मिथिलीकरणाने बंद पडलेले असते. बी-राफ जनुकातील व्ही-६००-ई बदल सापडल्यास आनुवंशिकतेची शक्यता फार कमी होते. खात्रीसाठी रक्तातील जनुकांची तपासणी लागतेच.

उर्दूत ‘अलामत’ निराळी आणि ‘सबब’ निराळा. मराठीतही खूण म्हणजे कारण नव्हे. लिंच सिंड्रोम असलेल्या पालकाकडून प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. अहवाल चुकीचा वाचला गेला, तर एका घरात निष्कारण भीती शिरते आणि दुसऱ्या घरात मुलांची वेळेवर व्हायची कोलोनोस्कोपी राहून जाते. म्हणून वर्गात असा अहवाल समजावून देताना ‘खूण सापडली का?’ या प्रश्नावर थांबू नये; ती कोणत्या प्रश्नासाठी, कोणत्या रुग्णांत आणि कोणत्या मर्यादेने पारखली गेली, हे आधी विचारले जावे.