निहालीची उसनवार

बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या परिसरात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलली जाते. बोलणारे सुमारे २०००. डच भाषापंडित काइपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. शब्दांची वर्गवारी त्यांनी चोख केली: पुष्कळ शब्द कोरकूचे, काही द्राविडी, काही आर्यभाषांतले; सुमारे चतुर्थांशांचे नाते मात्र कुठेच जुळत नाही. पण ही मुळात टोळीची गुप्त बोली असावी, ही त्यांची शंका मला पटत नाही. गुप्त बोली शब्द बदलते, व्याकरण शेजाऱ्याचेच ठेवते. निहालीचे व्याकरण कोरकूचे नाही. इरार, मोथो, नालो (दोन, तीन, चार) हे आकडे द्राविडी आहेत. पाण्याला ‘जोप्पो’ हा शब्द तिचा स्वतःचा. ‘हजार’ फारसीतून आणि ‘बटाटा’ पोर्तुगीजमधून घेणाऱ्या मराठीला आपण चोरांची भाषा म्हणत नाही. निहाल कोरकूंच्या शेतांवर राबत आले. सोबतीने शब्द आले. ही उसनवार पोटासाठीची आहे. तिला लपवाछपवी म्हटले, तर आधीच हिणवली गेलेली भाषा मुलांशी कोण बोलेल?